बांध काढला, खाडी परत आली: निस्क्वालीची एक सकाळ

"आज तिथी कुठली?" गाडी आय-फाइव्ह महामार्गाला लागल्या लागल्या बाबांनी विचारलं. कार्तिक वद्य षष्ठी. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. तिथीची पाऊणपट, म्हणजे भरती साडेचारला. पेणच्या खारपाटात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, आयुष्य गेलेल्या माणसाचं घड्याळ असंच चालतं. सिएटलच्या दक्षिणेला निस्क्वाली नदीच्या मुखाशी असलेल्या वन्यजीव आश्रयस्थानात पोचलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि पाणी जवळजवळ भरत आलं होतं. पाण्यानेच फसवल्यासारखे बाबा बघत राहिले.

म्हणून पहिला सल्ला हाच: इथल्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्यावर आपला कोकणी हिशोब चालत नाही. इथे दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात. निघण्याआधी निस्क्वालीचं भरतीचं वेळापत्रक बघा. पक्षी जवळून पाहायचे असतील तर भरतीच्या आगेमागे दोन तास गाठा, कारण चिखल बुडाला की ते वाटेच्या बाजूला सरकतात. चिखलातल्या नाळी पाहायच्या असतील तर उन्हाळ्यात या. तेव्हाची मोठी ओहोटी दिवसा असते, हिवाळ्यात ती रात्री होते.

सिएटलहून दक्षिणेकडे जाताना टॅकोमा ओलांडलं की ऑलिंपियाच्या अलीकडे ११४ नंबरचा एक्झिट आहे. शनिवारी दुपारी परतलात तर ट्रॅफिकमध्ये अडकणार, तेव्हा सकाळी लवकर या. प्रवेश गाडीमागे ३ डॉलर, त्यात चार प्रौढ. नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तोही चालतो. कुत्रा, सायकल, जॉगिंग सगळं मना. चहा-फराळ घरून न्या, आत काही मिळत नाही. टॉयलेटला सुरुवातीलाच जाऊन या. नोव्हेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो आणि वाटा सूर्यास्ताला बंद होतात, हे विसरू नका.

आता मुख्य गोष्ट. १९०४ मध्ये अ‍ॅल्सन ब्राउन नावाच्या सिएटलच्या वकिलाने हा नदीमुखाचा प्रदेश विकत घेतला, घोड्यांच्या मदतीने मैलोनमैल मातीचा बांध घातला आणि खाडीला बाहेर ठेवून शेती नि दुभती जनावरं सुरू केली. म्हणजे ही सरळ सरळ खारबंदिस्तीच. १९७४ मध्ये इथे वन्यजीव आश्रयस्थान झालं, पण बांध तसाच राहिला. त्याच्यावरून साडेपाच मैलांची फेरी मारता यायची. २००९ मध्ये तो बांध मुद्दाम काढला आणि ७६२ एकरांत समुद्राचं पाणी परत आलं. पूर्वेकडे निस्क्वाली या इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीने आपल्या जमिनीवरचे बांध त्याआधीच काढायला सुरुवात केली होती. आता या जागेला बिली फ्रँक ज्युनियर यांचं नाव आहे. नदीत मासे धरण्याच्या हक्कासाठी पन्नासहून जास्त वेळा अटक झालेला हा निस्क्वाली माणूस. पहिली अटक झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते.

"म्हणजे खांड आपणहून पाडली?" बाबांनी दोनदा विचारलं. आमच्याकडे खांड गेली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं, की रात्री-अपरात्री अख्खं गाव चिखल वाहायला धावायचं. पुढे ते धावणं थांबलं, बांधाला वाली उरला नाही. आमची दोन एकर भाताची जमीन आता तिवरांत आहे, आणि कायद्याने तिवरं तोडता येत नाहीत. त्यामुळे "नैसर्गिक पुनरुज्जीवन" हा शब्द मी त्यांच्यासमोर जपूनच वापरला.

वाट सुरू होते ती एका नव्या बांधावरून. जुना काढण्याआधी आत हा दहा हजार फुटांचा बांध घातला, म्हणून एका बाजूला अजून गोडं पाणी आहे, दुसऱ्या बाजूला खारं. बाबा इथे सर्वांत जास्त वेळ थांबले. डावीउजवीकडे बोट करून म्हणाले, "सगळं सोडलेलं नाही यांनी. कुठवर सोडायचं ते आधी ठरवलंय." माझ्या मते इथे आल्यावर बघण्यासारखी गोष्ट हीच, गरुड नंतर.

पुढे मैलभर फळ्यांची वाट खाडीच्या वर चालते. अगदी सपाट आहे, व्हीलचेअर जाते, गुडघेदुखीवाल्यांना अडचण नाही. जाऊन-येऊन चार मैल होतात मात्र. सकाळी फळ्यांवर दहिवर असतं, तेव्हा चपला नकोत. खाली पाणी एका बोटभर नाळीत शिरत होतं. तिथे राखी बगळ्याचा थोराड अमेरिकन भाऊ पंधरा मिनिटं हलला नाही, मग एकदाच मान टाकली आणि चोचीत काहीतरी चंदेरी वळवळलं. कडेला पिकलवीडच्या गाठाळ, मांसल काड्या लालसर झाल्या होत्या. खारं पाणी परतलं की सुरुवातीला येणाऱ्यांत हे झाड असतं.

सगळं गोडगोड मात्र नाही. शंभर वर्षं बांधाआड राहिलेली जमीन खचली आहे. ती वर यायला नदीचा गाळ हवा, आणि वरच्या अंगाला १९४५ च्या अ‍ॅल्डर धरणात तो बराचसा अडकतो. म्हणून खोलगट भागांत अजून उघडा चिखलच आहे. "गाळाशिवाय खाजण कसलं," बाबा पुटपुटले.

शेवटचे सातशे फूट आम्हाला मिळाले नाहीत. बदकांच्या शिकारीच्या हंगामात, ऑक्टोबर ते जानेवारी, टोक बंद असतं. लांबून बंदुकांचे बारही ऐकू येतात, लहान मुलांना आधी सांगून ठेवा. टोकापर्यंत जायचंच असेल तर फेब्रुवारीनंतर या. रेनियर पर्वत ढगांत होता.

परतताना पाणी उतरायला लागलं होतं. नव्या बांधावर गोड्या पाण्याच्या बाजूला एक फाटक दिसलं आणि बाबा वाकून बघू लागले. उघाडीच ती, बांधातलं पाणी सोडायचं फळ्यांचं दार, फक्त नीटनेटकी. मी पुढे गेलो, मागे वळलो तर ते तिथेच होते.

"यातल्या फळ्या रात्री कोण काढतं?" त्यांनी विचारलं.