तुम्ही विचारलंत म्हणून: हे शर्ट कुणाचे?

दोन प्रश्न मला सतत विचारले जातात आणि दोन्ही एकाच शर्टाबद्दल असतात. ऑफिसातली तरुण मुलं विचारतात, "सर, काय भारी विंटेज आहे, कुठून घेतलात?" आणि नातेवाईक, आवाज खाली आणून, "गेलेल्या माणसाचे कपडे अंगात घालतोस, काही वाटत नाही का रे?" लग्नकार्यात, लिफ्टमध्ये, अगदी आईच्या पंचाहत्तरीच्या पंगतीतही. अण्णा, म्हणजे माझे वडील, २०१३ साली गेले, तेव्हापासून हे चालू आहे. आजवर मी वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते सांगतो.

अण्णा मुंबईच्या कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. गिरणीच्या दुकानात फेंट स्वस्तात मिळायचे. ताग्याच्या शेवटी उरलेले, डाग पडलेले, विणीत चूक राहिलेले तुकडे. आमच्या घरात उशांचे अभ्रे, परकर, माझे शाळेचे शर्ट, सगळं फेंटचं. अण्णांचे शर्टही. बहुतेक पॉपलिन, एखाददुसरा टेरिकॉट. १९७० ते ८१ या काळात शिवलेले, म्हणून कॉलर तेव्हाच्या पद्धतीची, लांब टोकांची. छातीवर एकच खिसा, आणि पँटीत खोचायला मागे भरपूर लांबी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्यापुरतं एवढंच, की त्या दिवसानंतर घरात नवं कापड येणं थांबलं आणि जे होतं ते पुढे पंधरा वर्षं पुरवलं गेलं.

आज माझ्याकडे अण्णांनी वापरलेले चार शर्ट आहेत. गावच्या ट्रंकेत न शिवलेले पाच फेंट सापडले, ते आमच्या लालबागच्या टेलरमास्तरांनी त्याच कापाचे शिवून दिले. दोन उंच कमरेच्या टेरिकॉट पँटी आहेत, आणि चावी द्यायचं एक एचएमटी घड्याळ. एवढ्यावर माझा आठवडा निघतो. कुणाला वाटतं मी कपाट भरून जुने कपडे जमवतो. जमवत नाही. चोरबाजारात गेलो नाही, इन्स्टाग्रामवरून परदेशातले वापरलेले कपडे मागवत नाही. मागवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण तो शोध वेगळा, हे वेगळं.

बाईंडिंगच्या धाग्यापासून बटणापर्यंत हे कपडे रोज सांभाळावे लागतात, हे मात्र विचारणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कापड टिकतं, आधी शिवणीचा दोरा जातो. काखेतली शिवण उसवते, काज सैल पडतात, आणि कॉलर घडीवर मानेच्या घामानं आणि दाढीच्या खुंटांनी झिजते. मी हे शर्ट मशीनमध्ये टाकत नाही, पिळत नाही, सावलीत वाळवतो. माझं पोट अण्णांपेक्षा मोठं, पण त्या वेळचे शिंपी आत इंचभर कापड सोडायचे, म्हणून मास्तरांना बाजूच्या शिवणी उसवून वाढवता आल्या. आजच्या रेडिमेड शर्टाची शिवण उलटून बघा, आत सोडायला काही ठेवलेलंच नसतं.

आता दुसरा प्रश्न, गेलेल्या माणसाचा. आमच्याकडे तेराव्यानंतर कपडे देऊन टाकतात. आत्या म्हणाली, घरात ठेवलेस तर त्यांचा जीव अडकेल. मी तिच्याशी वाद घातला नाही. पण ट्रंकेतून शर्ट काढून तिच्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा माझ्याच्यानं ते होईना. कारण मी हे शर्ट आधी एकदा दिलेले होते.

डिसेंबर १९९६. मी पंचवीस वर्षांचा, एका खासगी कंपनीत हिशेबाच्या खात्यात. डोंबिवलीचं स्थळ आलं होतं आणि रविवारी मुलीकडचे घर बघायला येणार होते. घर म्हणजे चाळीतली एक खोली, ती बदलता येणार नव्हती. म्हणून मी अण्णांना बदलायला निघालो. अण्णा तेव्हा एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन होते. ड्रेस तिथेच ठेवायचे आणि येताजाता हेच शर्ट घालायचे. मला त्या शर्टांची लाज वाटत होती. लांब टोकांची कॉलर बघून माझे मित्र हसायचे. त्यातही उलटलेली कॉलर मला दुरून ओळखू यायची. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कॉलर झिजली की शिंपी ती पट्टीपासून उसवून काढायचा, उलटी करायचा आणि पुन्हा शिवायचा. झिजलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. शर्ट आणखी चारपाच वर्षं चालायचा. पण कोरी बाजू कमी विटलेली असते, त्यामुळे कॉलरचा रंग अंगाच्या रंगापेक्षा गडद दिसतो. माझ्या डोळ्यांना तो गडद पट्टा म्हणजे आमची सगळी परिस्थिती वाटायची.

शुक्रवारी दुपारी बोहारीण आली. अण्णा रात्रपाळीहून येऊन, जेवून भाजी आणायला गेले होते. आई पाण्याच्या रांगेत. मी रजा काढली होती. ट्रंक उघडली आणि अकरा शर्ट तिच्यापुढे ठेवले. तिनं एकेक शर्ट उजेडाकडे धरून बघितला. विरलेला कुठे आहे, डाग कुठे आहे. मग अंगठ्यानं कॉलर उचलून खालची बाजू बघितली आणि मान हलवली. "उलटलेली हाय, दादा. याचं काय देऊ?" दुसरा उचलला, तिसरा उचलला. "ही बी उलटलेली." शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर ती प्रत्येक कॉलर उलटून बघत होती आणि मला वाटत होतं, ही कधी एकदा जाते. तिनं आधी झाकणीसकट मोठं पातेलं दाखवलं होतं. शेवटी मी घासाघीस न करता लहान पातेलं घेतलं, बिनझाकणीचं. तिनं शर्ट गाठोड्यात बांधले आणि ती जिना उतरून गेली. माझं मन हलकं झालं होतं. हे मला लिहिलंच पाहिजे. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, बरं वाटलं.

अण्णा आले. पिशवी ठेवली, खुंटीकडे बघितलं, ट्रंक उघडली. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्यासाठी नवीन आणलेत दोन. रेडिमेड. ते जुने देऊन टाकले." पातेलं तिथेच होतं. अण्णांनी ते हातात घेतलं, उलटं करून बूड बघितलं आणि खाली ठेवलं. मग एवढंच विचारलं:

"कापड बघितलंस का रे, देताना?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा दिलंच नाही. अण्णा चपला घालून निघाले. रात्रभर जागून आलेले, झोपलेले नव्हते. ते तीन तासांनी परतले. बोहारीण त्यांना भायखळ्याच्या पुलाजवळ सापडली होती. तोवर तिनं सात शर्ट पुढे कुणाला तरी देऊन टाकले होते. उरलेले चार अण्णांनी विकत घेतले. रोख चाळीस रुपये देऊन. स्वतःचे शर्ट. ते त्यांनी घडी घालून ट्रंकेत ठेवले, आणि रविवारी पाहुण्यांसमोर मी आणलेला रेडिमेड शर्ट घालून बसले, पाकिटातल्या घड्या तशाच छातीवर. पाहुणे गेल्यावर तो काढून खुंटीला लावला. मला त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. लग्न तिथेच जमलं. बायकोला हे सगळं मी २०१३ नंतर सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवशी मी अण्णांच्या शर्टाकडे बघितलंच नव्हतं.

त्या पंचवीस वर्षांच्या मुलाशी मी अजून भांडतो. तो म्हणतो, मी अण्णांना चांगलं दिसावं म्हणून केलं. मी म्हणतो, तू स्वतःला चांगलं दिसावं म्हणून केलंस. तो म्हणतो, मग आज तू काय वेगळं करतोस? आजही लोक तुझ्याकडे बघतात, तुला आवडतं. यावर माझ्याकडे नेहमीच उत्तर असतं असं नाही. कुणी "भारी शर्ट" म्हटलं की आत कुठेतरी सुखावतो हे खरं आहे. आमचं ऑफिस जुन्या गिरणीच्या जागेवर आहे, आवारात चिमणी अजून उभी आहे. तिथल्या काचेच्या दारात लांब टोकांची कॉलर दिसते तेव्हा मी चार पावलं ताठ चालतो. ते अण्णांसाठी असतं की माझ्यासाठी, सांगता येत नाही.

ताईचं म्हणणं त्याहून कडक आहे. ती म्हणते, "अण्णांनी हे शर्ट घातले कारण दुसरे नव्हते. तू घालतोस कारण तुझ्याकडे दुसरे आहेत. त्यांच्या अडचणीची तू फॅशन केलीस." तीन वर्षं ती हे म्हणतेय. पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मी झोपलो नाही. ती खोटं बोलत नाही. संपाच्या काळात तिनं शाळा सोडली, मी सोडली नाही. तिला हा शर्ट दिसला की ते दिवस दिसतात, आणि मला सांगायचा तिला अधिकार आहे.

तरीही ताई, एक गोष्ट तूही बघितली आहेस. अण्णा फेंटच्या ढिगासमोर तासतासभर उभे राहायचे. बाकीचे लोक तुकडा किती वार भरतो ते बघायचे, अण्णा पोत बघायचे, दोन बोटांत धरून चुरगाळायचे आणि सोडल्यावर कापड कसं उलगडतं ते बघायचे. चौकडीचा शर्ट असेल तर खिशावरची चौकडी छातीवरच्या चौकडीशी जुळलीच पाहिजे, असं शिंप्याला बजावायचे. खिसा जुळवायचा तर कापड जास्त लागतं. फेंटमध्ये ते जास्तीचं कापड नसतं. म्हणून आठ आणे वाचवायचे दिवस असताना ते त्याच चौकडीचा दुसरा तुकडा शोधायचे. पितळी तांब्यात निखारे घालून बाहीची इस्त्री करायचे, मग बाही बरोबर दोन घड्या घालून कोपराच्या खाली. तीन नाही, दोन. नाइलाजानं कपडे घालणारा माणूस चौकडी जुळवत बसत नाही. अण्णांना आवड होती. गरीब माणसाला आवड असू शकते हे त्या वेळी मला कळलं नाही, आणि ताई, तुलाही अजून मान्य करायचं नाही असं मला वाटतं.

आई या वादात पडत नाही. मी पहिल्यांदा फिकट निळा शर्ट घालून बाहेर आलो तेव्हा तिनं बघितलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. महिनाभर माझ्याकडे सरळ बघायची नाही. मग एका सकाळी तिनंच बाहीची घडी उलगडली आणि नीट घातली. दोन. बरं की वाईट, ती काही बोलली नाही.

त्या फिकट निळ्या शर्टाबद्दल सांगायचं राहिलं. भायखळ्याहून परत आलेल्या चारांतला तो एक. पाठीवर डाव्या खांद्याखालून एक उभी रेघ जाते, केसाएवढी बारीक, उजेडात धरली तरच दिसते. ताण्यातला धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारायची असते. नजर चुकली तर कापडात तशीच रेघ उतरत राहते आणि तो माल फेंटमध्ये जातो. अण्णा म्हणायचे, ती रेघ त्यांच्याच साच्यावरची. त्या ताग्यापायी जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, शिव्या खाल्ल्या होत्या आणि पुढे दुकानात तोच तुकडा दिसला तेव्हा उचलला. शर्टाच्या मागच्या टोकाला, पँटीत खोचला जातो त्या भागावर आतून, जांभळ्या शाईचा शिक्का आहे. "सॅन्फोराइज्ड", म्हणजे धुतल्यावर न आटणारं, एवढं वाचता येतं, त्याखाली गिरणीच्या नावाची निम्मी अक्षरं.

गेल्या महिन्यात त्याची कॉलर गेली. ती १९८६ साली एकदा उलटून झाली आहे, आणि कॉलर एकदाच उलटता येते. मास्तरांनी चष्मा वर करून दोन्ही बाजू बघितल्या. म्हणाले, बकरम, कॉलरच्या आतलं कडक कापड, नवीन घालू, पण वरचं कापड कुठून आणू? या रंगाचं पॉपलिन आता मिळणार नाही. मग त्यांनी शर्ट उलटा केला आणि मागच्या लांब टोकावर बोट ठेवलं. "इथनं काढतो. आत खोचलेलं असतं, कोणाला दिसणार नाही. कॉलर होईल."

बोट बरोबर शिक्क्यावर होतं.

मी म्हटलं, "मास्तर, थांबा जरा." शर्ट त्यांच्याकडे पिशवीत आहे. शनिवारी येतो म्हणून सांगून आलो होतो, त्याला तीन शनिवार झाले.