तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं छान रंगवलेलं विमान मळवता कशाला?

घरी कोणीही आलं की कपाटाच्या काचेपाशी थांबतंच, मी जोडलेल्या दोन-चार छोट्या मॉडेल विमानांचं कौतुक होतं आणि मग हरिकेनवर नजर गेली की तोच प्रश्न येतो, की अहो एवढं छान रंगवलंत, मग त्याच्यावर काळं काय, चिखल काय, ओरखडे काय, हे सगळं मुद्दाम कशाला केलंत? मावशीने तर ओला रुमाल आणून पुसायची तयारी केली होती. दरवेळी उभ्या उभ्या दोन वाक्यांत काहीतरी उत्तर देतो आणि ते मलाच पुरत नाही, म्हणून यावेळी बसून नीट लिहितोय.

आधी हे विमान कुठलं ते सांगतो. हॉकर हरिकेन, मार्क टू सी, चार २० मिलिमीटर तोफांवालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इंफाळला आपल्या हवाई दलाची नंबर १ स्क्वाड्रन हेच विमान उडवत होती. ही स्क्वाड्रन म्हणजे १ एप्रिल १९३३ ला कराचीत चार वापिती विमानं आणि मूठभर माणसं घेऊन सुरू झालेली आपली पहिली तुकडी, तेव्हा जमिनीवरच्या तंत्रज्ञांना हवाई सिपाही म्हणायचे, मला हा शब्द फार आवडतो. इंफाळच्या वेळी स्क्वाड्रन लीडर होते अर्जन सिंग, वय जेमतेम पंचवीस. त्याच वर्षी त्यांना डी.एफ.सी. हे शौर्यपदक मिळालं, पुढे १९६५ च्या युद्धात ते हवाई दलाचे प्रमुख होते, हे सगळ्यांना माहीत असतं, पण पंचविशीत ते मणिपूरमध्ये हरिकेन घेऊन जपान्यांच्या डोक्यावरून फिरत होते हे फार कमी जणांना माहीत असतं.

आणि ते काही निवांत फिरणं नव्हतं. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून आलं, महिनाअखेरीस इंफाळ-कोहिमा रस्ता तुटला, तो थेट २२ जूनला मोकळा झाला. मधले जवळजवळ तीन महिने इंफाळला जे काही पोचलं ते आकाशातून. धान्य, दारूगोळा, औषधं आणि पेट्रोलसुद्धा. म्हणजे माझ्या या छोट्या हरिकेनच्या टाकीत जे पेट्रोल असायचं तेही दुसऱ्या कुठल्यातरी विमानाने वाहून आणलेलं. त्याच मार्चमध्ये इंफाळच्या ईशान्येला सांगशाकला आपली मराठा पलटण, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन, २२ ते २६ मार्च पॅराशूट ब्रिगेडबरोबर टेकडीवर अडकून लढली. पाणी नाही, खंदक खणायला गेलं तर खाली खडक. कोहिमाकडे निघालेले जपानी तिथे अडकून पडले, ते चार-पाच दिवस पुढे फार महत्त्वाचे ठरले. आपल्याकडे पानिपत सगळ्यांना पाठ असतं, सांगशाक नाव काढलं तर लोक विचारतात कुठे आलं हे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर असं विमान, अशी जागा. आता ते कपाटात कोरं करकरीत ठेवलं तर ते कारखान्यातून बाहेर पडलेलं हरिकेन झालं, इंफाळचं नाही झालं. मला इंफाळचं हवं होतं.

किट १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं. खऱ्या हरिकेनचा पंखविस्तार १२ मीटरच्या थोडा वर, म्हणजे मॉडेल जेमतेम १७ सेंटीमीटर, तळहातावर मावतं. जोडणीबद्दल फार लिहीत नाही, स्प्रूवरून, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, भाग कापायचे, घासायचे, कॉकपिट आधी रंगवून मग फ्युजलाजचे, म्हणजे विमानाच्या अंगाचे, दोन अर्धे चिकटवायचे, फटीत पुट्टी, परत घासणं, प्रायमर. त्यात माझे तीन आठवडे गेले, रोज रात्री जेवणानंतर तासभर. मग खालून करडा रंग, वरून हिरवा आणि मातकट तपकिरी, एअरब्रशने. इथेही एक गोष्ट, उन्हाने विटलेला रंग दाखवायचा तर हिरव्यात पांढरा मिसळू नका, तो पिस्ता आइस्क्रीमसारखा दिसायला लागतो, थोडा मातकट पिवळा किंवा करडा घाला, म्हणजे खरा विटल्यासारखा दिसतो.

मग वर्तुळं, विमान कोणाचं ते सांगणारी खूण. ब्रिटिश विमानांवर मध्ये लाल ठिपका असायचा, पण इकडच्या आघाडीवर तो काढून टाकला, कारण जपान्यांची खूण म्हणजे लाल गोळा, आणि घाईच्या क्षणी लाल दिसलं की आपलाच माणूस आपल्याच विमानावर गोळी झाडणार. म्हणून गडद निळ्यात फिकट निळा, लालचा मागमूस नाही. डीकल, म्हणजे या खुणांची चिकटवायची चित्रं, मी जुलैमध्ये लावली आणि हवेत इतका दमटपणा की आधीचा ग्लॉस कोट, चकचकीत वार्निशचा थर, पांढुरका पडला, सगळं घासून परत मारावा लागला. पावसाळ्यात वार्निश मारू नये हे मला माहीत होतं तरी धीर धरवला नाही.

आता मुख्य मुद्दा, मळवणं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी तेच केलं जे बहुतेक जण करतात, स्पंजचा तुकडा सिल्व्हर रंगात बुडवला आणि विमानभर टिपटिप मारत सुटलो. दिसायला एकदम लढाऊ दिसलं. मग गणपतीत आरतीला आमच्या सोसायटीतले एक काका आले, हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचं अंग दुरुस्त करणारे होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, विमान हातात घेतलं, शेपटीकडच्या बाजूला बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे पत्रा आहे का कापड?" मी म्हटलं कापड. "मग कापडातून चांदी कशी निघाली रे?"

मी गप्प. बरोबर होतं त्यांचं. हरिकेनचं पुढचं अंग आणि पंख धातूच्या पत्र्याचे, पण कॉकपिटच्या मागे शेपटीपर्यंत आत नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडाच्या पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. ट्रेनिंगमध्ये त्यांना कापडाचं काम शिकवलेलं, त्यामुळे त्यांनी मला तासभर बसून सगळं सांगितलं, प्रसाद हातातच राहिला. कापडावर डोप नावाचं लुकण मारतात, ते वाळलं की कापड ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलं जातं, खालचा थर तांबूस असतो. म्हणजे तिथला रंग घासला गेला तर फार फार तर तांबूस दिसेल, किंवा नुसताच विटेल, पण पत्र्यासारखी चकाकी कधीच नाही. आणि गोळी लागली तर? तर कापड शिवून, वर ठिगळ लावून, डोप मारून विमान परत तयार. पत्र्याच्या विमानाला ज्याला कारागीर आणि अवजारं लागतात ते इथे सुई-दोऱ्यावर भागायचं.

ठिगळ हा शब्द त्यांनी वापरला आणि माझ्या डोक्यात तोच बसला. त्या रात्री मी सगळा रंग थिनरने काढून टाकला, दोन महिन्यांचं काम.

परत केलं तेव्हा प्रत्येक डागाला एकच प्रश्न विचारत गेलो, हा कोणामुळे पडला? उत्तर आलं नाही तर तो डाग नाही. डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथे पंख अंगाला जोडतो, तिथे सगळ्यात जास्त घासलंय, कारण वैमानिक डावीकडूनच चढायचा. हरिकेनला खाली एक ओढून काढायची पायरी असते, रिकिबीसारखी, तिच्यावर पाय, मग पंखावर, मग कॉकपिट. वैमानिक दिवसातून दोन-तीनदा चढणार, पण फिटर, रिगर हे जमिनीवरचे तंत्रज्ञ तर सतत चढ-उतार करणार, काच पुसायला, पट्टे बांधून द्यायला, आणि त्यांच्या बुटाला चिखल. तिथला रंग आधी स्पंजने बारीक उडवला आणि वरून मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने घासलं, मग तिथे घासलेल्या धातूची ती मंद चमक येते जी रंगाने येत नाही. उजव्या बाजूला त्याच्या अर्धंसुद्धा नाही. बघणाऱ्यांना वाटतं एका बाजूला करायचं विसरलो.

पंखावर तोफांची झाकणं असतात. ती रोज उघडायची, गोळ्यांचे पट्टे भरायचे, बंद करायची, तेही घाईत, कधी टॉर्चच्या उजेडात. त्यांच्या कडा आणि स्क्रूभोवतीचा रंग उडणारच. पेट्रोलच्या टोपीभोवती ओघळ. पुढच्या पंख्याची पाती मात्र बऱ्याच हरिकेनची दाबलेल्या लाकडाची, त्यामुळे तिथे चांदी दाखवली की परत तीच चूक. मग मर्लिन इंजिनचा धूर, दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन अंगावरून मागे जातो. हा नुसता काळा नसतो. कडेने तपकिरी-काळा आणि मधोमध राखाडी, कारण त्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि गरम इंजिनचं जळण तसा करडा थर सोडून जातं. रंगात नव्वद टक्के थिनर, हवेचा दाब अगदी कमी, आणि दहा-बारा वेळा हात फिरवायचा, एकदाही थांबायचं नाही. थांबलात की डबकं.

आणि प्रमाणाचं भान. १/७२ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटीमीटरच्या वर. अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा, जो आपल्याला किती नाजूक वाटतो, तो तिथे साडेतीन सेंटीमीटरच्या वर जातो. म्हणून मी भिंग लावून, ब्रशच्या एका केसाने करतो, आणि जिथे हात थरथरला तिथे तो डाग काढून टाकतो.

ठिगळं दोन लावली आहेत. कोऱ्या डीकलच्या फिल्मवर तोच हिरवा पण न विटलेला रंग मारला, तीन मिलिमीटरचे चौकोन कापले आणि शेपटीच्या कापडावर बसवले. नीट बघितलं तरच दिसतात, बाकीचा हिरवा उन्हाने उतरलेला आणि ते दोन तुकडे नव्या कापडाचे, आजीच्या गोधडीत एखादा चौकोन नंतर लावलेला असतो ना, तसे. ते करताना मला सारखं वाटत होतं की कोणीतरी एक पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा, तंबूबाहेर बसून हे शिवत असेल, आणि त्याला हे पक्कं ठाऊक असेल की उद्या सकाळी याच विमानातून कोणीतरी जाणार आहे. वैमानिकांची नावं पुस्तकांत आहेत, पदकं आहेत. त्या पोराची खूण कुठे उरली असेल तर त्या ठिगळात, आणि मी विमान स्वच्छ ठेवलं तर तीही पुसली जाणार.

चिखल चाकांना, आणि पंखाच्या खालच्या बाजूला चाकांमागे, कारण मे-जूनमध्ये इंफाळला पाऊस आणि तिथल्या बऱ्याच धावपट्ट्या मातीच्या. शेपटीच्या पुढच्या कडेला बारीक खडे लागून रंग उडालेला, पंख्याच्या वाऱ्याने मागे फेकलेले.

एक जागा मात्र मी कधीच मळवत नाही, कॉकपिटची काच. लोकांना वाटतं राहिली. राहिली नाही. काचेवरचा एक ठिपका लांबून शत्रूच्या विमानासारखा दिसतो, आणि खरं विमान त्या ठिपक्यामागे लपू शकतं, म्हणून ती काच घासून घासून लख्ख ठेवायचे. टेहळणीला जोडीने जायचे, एकजण खाली जमीन बघणार आणि दुसरा वर आकाश राखणार. त्या दुसऱ्याचं सगळं काम त्या काचेतून. सगळं विमान चिखलाने माखलेलं आणि काच तेवढी चकचकीत, हे मला त्या विमानावरचं सगळ्यात खरं वाटतं.

काका दिवाळीत परत आले होते. यावेळी काही बोलले नाहीत, नुसतं फिरवून फिरवून बघितलं, डाव्या पंखाच्या मुळाशी बोट टेकवलं आणि म्हणाले, "इथं अजून थोडं घास, आम्ही फार चढायचो."

घासलं. तर पुढच्या वेळी आलात की आधी डावीकडून बघा, मग शेपटीजवळची ती दोन ठिगळं शोधा. टेबलाचा दिवा जवळ आणून देतो, त्याशिवाय ती दिसत नाहीत.