हीटर प्लगची तपासणी: ओहमनंतर प्रवाहही मोजावा

पूर्वकक्ष (मुख्य ज्वलनकक्षाला जोडलेला छोटा कक्ष) असलेल्या चार सिलेंडरच्या जुन्या डिझेल इंजिनावरचे काम आता चौथ्या सिलेंडरच्या हीटर प्लगपाशी (थंड इंजिन सुरू होण्यासाठी ज्वलनकक्ष विजेवर तापवणारा भाग) येऊन थांबले आहे. थंड इंजिन सुरू व्हायला वेळ लागत होता, सुरू झाल्यावर पांढरा धूर येत होता आणि एक सिलेंडर मागे पडल्यासारखे ते अडखळत होते. तापल्यावर मात्र सारे सुरळीत होई. कॉम्प्रेशन कमी असले तरी अशीच लक्षणे दिसतात. मात्र प्लगची तपासणी सोपी असल्याने सुरुवात तिथून केली.

चावी फिरवल्यावर बसपट्टीवर (चारही प्लगना वीज पोहोचवणारी धातूची पट्टी) जवळजवळ बॅटरीइतकेच व्होल्टेज मिळाले, त्यामुळे रिले (प्लगचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज संशयातून सुटले. ओहम, म्हणजे प्लगचा विद्युत रोध, मोजण्यापूर्वी ही पट्टी काढणे अत्यावश्यक आहे, कारण ती जागेवर असताना चारही प्लग समांतर जोडलेले राहतात आणि एखादा तुटलेला असला तरी मीटरला ते कळत नाही. मीटरच्या तारांचा स्वतःचा रोधही वजा करावा. ज्या मापात एक ओहमसुद्धा मोठा असतो, तिथे तो दुर्लक्षून चालत नाही. तीन प्लग ०.७ ते ०.९ ओहमच्या दरम्यान निघाले, चौथ्यात मंडल पूर्ण तुटलेले होते.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि मला ते पटत नाही. थंड अवस्थेतला रोध प्लग तापल्यावर काय करतो हे सांगत नाही. म्हणून तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने प्रत्येक प्लगचा प्रवाह पाहिला. चांगल्या प्लगमध्ये तो सुमारे १५ अँपिअरपासून सुरू होऊन, आतली नियंत्रक तार तापू लागल्यावर हळूहळू निम्म्याच्या आसपास उतरला. दुसऱ्या सिलेंडरच्या प्लगमध्ये मात्र, रोध अगदी योग्य असूनही, प्रवाह काही क्षणांतच एकदम शून्यावर आला. म्हणजे आतली तडकलेली तार तापल्यावर उघडत होती. पाच किंवा सात व्होल्टचे प्लग असलेल्या नव्या इंजिनांवर मात्र असे प्लग थेट बॅटरीला जोडून तपासू नयेत, ते लगेच जळतात.

दुसरा प्लग कोमट इंजिनातून सहज निघाला. त्याचे टोक शाबूत होते, याचे मला समाधान आहे: टोक वितळलेले असते तर गळणारा इंजेक्टर शोधावा लागला असता, फुगलेले असते तर चिकटलेला रिले. नवा प्लग बसवण्यापूर्वी छिद्रातील काजळी ग्रीस लावलेल्या रीमरने (छिद्र खरवडून साफ करणारे हत्यार) काढली आणि तो निर्मात्याने दिलेल्या टॉर्कवरच आवळला.

चौथा अजून हललेला नाही. एम१० आट्यांचा प्लग साधारण ३५ न्यूटन-मीटरला तुटू शकतो, म्हणून टॉर्क पाना ३० वर ठेवला आहे. आट्यांवर भेदक तेल मुरू दिले आहे. पुढच्या खेपेस इंजिन पूर्ण तापवून, थोडे पुढे थोडे मागे अशा रीतीने पुन्हा प्रयत्न करीन; तरीही सुटला नाही, तर जोर वाढवण्याऐवजी सिलेंडर हेड उतरवीन.