क्रिपस्क्युलरला जुळणारा शब्द

माझी भाची नववीत आहे आणि इंग्रजीत कविता लिहिते. सुट्टीत सासवडजवळच्या गावी गेली असताना तिने दिवेलागणीच्या वेळी कच्च्या रस्त्यावर बसलेला रातवा पाहिला होता. धड दिवसाचा नाही आणि धड रात्रीचाही नाही, अशा संधिप्रकाशात वावरणाऱ्या जिवांसाठी इंग्रजीत ‘क्रिपस्क्युलर’ हे विशेषण आहे. जीवशास्त्राच्या तासाला नुकताच शिकलेला तो शब्द तिने त्या पक्ष्यासाठी नेमका ओळीच्या शेवटी ठेवला होता. ‘मामा, याला यमकच सापडत नाही,’ असे म्हणत तिने वही माझ्यापुढे सरकवली, आणि पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही त्या एका शब्दापाठी घालवल्या.

मराठीत यमक जुळवताना आपण शब्दाच्या शेवटच्या अक्षरांकडे पाहतो, तर इंग्रजीत आघाताकडे, म्हणजे उच्चारताना शब्दात जिथे जोर पडतो तिकडे, पाहावे लागते. आघात असलेल्या शेवटच्या स्वरापासून पुढचा सगळा उच्चार जुळला पाहिजे आणि त्या स्वराआधीचे व्यंजन मात्र निराळे असले पाहिजे, असा तिथला रूढ संकेत आहे. क्रिपस्क्युलरमध्ये आघात ‘पस’वर पडतो, त्यामुळे नुसत्या ‘लर’वर भागत नाही, ‘अस्क्युलर’ एवढा लांबलचक तुकडा जुळवावा लागतो. पॉप्युलर आणि सेक्युलर तिथेच बाद झाले. रक्तवाहिन्यांसंबंधीचा ‘व्हॅस्क्युलर’ अगदी दारापर्यंत आला, परंतु ‘अ’च्या जागी ‘ॲ’ असल्यामुळे तोही परत गेला.

मग भाचीला ‘कॉर्पस्क्युलर’ आठवला. प्रकाश हा सूक्ष्म कणांचा बनलेला असतो, या न्यूटनच्या सिद्धान्ताला हेच विशेषण लावतात. उच्चार तंतोतंत जुळला, पण जरा जास्तच जुळला, कारण दोन्ही शब्दांत आघाताच्या स्वराआधी ‘प’च आहे. इंग्रजी कानाला असे यमक सहसा दुबळे वाटते. आपल्याकडे मात्र तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा आणणे हाच यमक अलंकाराचा प्राण आहे, आणि त्याच हव्यासापायी वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ म्हटले गेले. वामन पंडितांनी ही जोडी आनंदाने पदरात घेतली असती, असे मला मनापासून वाटते.

निर्दोष यमक हाती लागले ते ‘मस्क्युलर’चे, म्हणजे पिळदार स्नायूंचा. हे शब्द एकमेकांना का जुळतात, हे शोधताना आम्ही लॅटिनपर्यंत पोहोचलो आणि तिथे मला या साऱ्या खटाटोपाचे खरे सुख मिळाले. लॅटिनमध्ये लहानपणा दाखवणारा ‘कुलुस’ असा प्रत्यय आहे. आपण जसे लोट्याची लोटी करतो किंवा आरशाची आरशी करतो, तसा. ‘मूस’ म्हणजे उंदीर, आणि ‘मूस्कुलुस’ म्हणजे छोटासा उंदीर. दंड आवळल्यावर कातडीखाली हलणारा गोळा रोमन लोकांना उंदरासारखा दिसला आणि त्यातून स्नायूचे नाव आले. मी भाचीला दंड आवळायला सांगितले आणि विचारले, ‘याला आपण काय म्हणतो?’ ती म्हणाली, ‘बेडकुळी.’ त्यांना जिथे उंदीर दिसला तिथेच आपल्या माणसांना बेडकी दिसली! ‘कॉर्पस’ म्हणजे शरीर, म्हणून ‘कॉर्पस्कुलुम’ म्हणजे इवलेसे शरीर, कण. ‘क्रेपेर’ म्हणजे अंधूक, अनिश्चित. त्यावरून ‘क्रेपुस्कुलुम’ म्हणजे तिन्हीसांज. पहाटेच्या उजेडाला लॅटिनमध्ये ‘दिलुकुलुम’ असा वेगळा शब्द होता, पण आजचे प्राणिशास्त्र दोन्ही वेळा एकाच विशेषणात बसवते.

याच प्रत्ययाचा आणखी एक शब्द यमकाच्या अगदी जवळ येतो, तो म्हणजे ‘अव्हंक्युलर’. ‘आवुस’ म्हणजे आजोबा आणि ‘आवुन्कुलुस’ म्हणजे छोटे आजोबा, अर्थात आईचा भाऊ. वडिलांच्या भावाला रोमन लोक ‘पात्रुउस’ म्हणत. आपण मामा आणि काका हा भेद राखतो, तसाच त्यांनीही राखला होता. इंग्रजीत ‘अंकल’ हा शब्द मामाच्या नावावरून आला आणि काकालाही तोच पुरला. ‘स’च्या जागी अनुनासिक असल्यामुळे हे यमक पूर्ण होत नाही, तरीही भाचीने तो शब्द वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

एका शब्दाला अनेक शब्दांनी मिळून जुळवण्याचीही एक वाट आहे. 1819 साली इंग्रज कवी बायरनने ‘डॉन हुआन’ या दीर्घकाव्यात ‘इंटलेक्च्युअल’ला ‘हेनपेक्ट यू ऑल’ जुळवले होते. त्या धर्तीवर आम्ही ‘डस्क यू’ल अर’ असे करून पाहिले. ‘कातरवेळी तू चुकशील’ हा अर्थ सुरेख होता, पण शेवटच्या ‘अर’वर नको तितका जोर पडत होता.

अखेर मस्क्युलरच उरला. मातीच्या रंगाचा, पालापाचोळ्यात मिसळून जाणारा रातवा काही पिळदार नसतो, म्हणून ते यमक खोटे पडेल, असे भाचीचे म्हणणे होते आणि ते मला पटले. मी एवढेच विचारले की त्या रस्त्यावर त्या वेळी दुसरे कोण होते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने रातव्याच्या ओळीखाली शेतावरून घरी परतणारा एक बैल लिहिला, ज्याचे वशिंड चालताना हलते आहे आणि ज्याची चाहूल लागून रातवा शेवटच्या क्षणी रस्त्यावरून उठतो. पहिल्या दिवशी त्या कवितेत बैल नव्हता.