रक्कम कधीपासून पुरुष झाली?

मे महिन्यातला रविवार, कूलर फुल स्पीडवर, मी तर्री पोहे हाणून आडवा पडलेलो आणि मावशीचा फोन. "काऊन रे, तुझं ते ॲप म्हणून राह्यलं 'रक्कम जमा झाला'. रक्कम कधीपासून पुरुष झाली?"

थोडं सांगतो. बचत गटाचा हिशोब ठेवायचं एक छोटं ओपन सोर्स ॲप आहे, त्याच्या मराठीची जबाबदारी माझ्याकडे, म्हणजे कोणी घेत नव्हतं म्हणून माझ्याकडे. मावशीचा गट आमचा पहिला गिऱ्हाईक. तर कोडमध्ये ते वाक्य एकच होतं, 'अमुक जमा झाला', आणि अमुकच्या जागी ॲप कधी हप्ता टाकतं, कधी रक्कम, कधी व्याज. इंग्रजीत काहीच बिघडत नाही. आपल्याकडे हप्ता जमा झाला, रक्कम जमा झाली, व्याज जमा झालं, तीन लिंगं आणि तिघांचं तोंड तीन दिशांना. गंमत म्हणजे गेटटेक्स्टमध्ये (ॲपची वाक्यं आणि त्यांची भाषांतरं सांभाळणारं सॉफ्टवेअर) एकवचन-अनेकवचनाची सोय आहे, जपानीला एक रूप, मराठीला दोन, अरबीला चक्क सहा, पण लिंगाचं काही नाही. डेव्हलपर म्हणाला नपुंसकलिंग वापरून टाक ना सगळीकडे. अरे बाबा, 'हप्ता जमा झालं' असं कोण बोलतं बे? शेवटी हिंदीवाले पण आमच्यासोबत आले (त्यांच्याकडे पण किस्त आणि ब्याजचं तेच रडगाणं), तेव्हा कुठे एका वाक्याची तीन पूर्ण वाक्यं झाली. मी इतके महिने भाषांतर करत बसलो होतो, खरं काम तर वाक्यं तोडून जोडणाऱ्या कोडच्या मागे लागायचं होतं.

त्याच्या आधी एक वेगळंच कांड झालं होतं. एका उत्साही पोराने एका रात्रीत अख्खी फाईल मशीनकडून भाषांतर करून टाकली, आणि मी पण न बघता मर्ज केली, म्हणजे ॲपमध्ये घेतली, चूक माझीच. होम म्हणजे घर, सेव्ह म्हणजे वाचवा इथपर्यंत ठीक, पण थकीत व्याजाच्या जागी 'उत्कृष्ट आवड'! इंग्रजी शब्द तेच दोन, आउटस्टँडिंग इंटरेस्ट, मशीनने भलताच अर्थ उचलला. कोणावर तीन महिन्यांची उत्कृष्ट आवड बाकी आहे असं गटाच्या मीटिंगमध्ये वाचलं गेलं, बायका अजून हसतात. तेव्हापासून नियम एकच, स्वतःचं वाक्य स्वतः पास करायचं नाही, आणि स्क्रीनशॉट बघितल्याशिवाय दुसऱ्याचंही नाही.

शब्दांवरून भांडणं तर विचारूच नका. धरमपेठेत चहावर दोन तास 'जतन करा' की 'सेव्ह करा'. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "आणि ते 'प्रविष्ट करा' काय आहे, 'भरा' म्हण ना सरळ." मग मी गटाची जुनी रजिस्टरं मागवली आणि शिल्लक, थकबाकी, हप्ता, हातउसने, सगळे शब्द तिथूनच उचलले. शब्दकोश बंद. 'सेव्ह' राहिलं, जतन हरलं.

फझीचा त्रास वेगळा. फझी म्हणजे मूळ इंग्रजी वाक्य बदललं म्हणून 'परत तपासा' असा शिक्का बसलेलं भाषांतर. रिलीजच्या दोन दिवस आधी कोणीतरी इंग्रजी वाक्यांच्या शेवटी टिंबं देऊन गेला, झालं, आमची तेवढी सगळी वाक्यं फझी, आणि फझी वाक्य ॲपमध्ये जातच नाही, त्यामुळे अर्धी स्क्रीन परत इंग्रजी. आता रिलीजच्या आठवडाभर आधी मजकूर गोठवतात, ते पण मी तीनदा भांडल्यावर.

सध्या अडकलोय ते सर्चमध्ये. कर्जाचं कारण म्हणून कोणी 'बकऱ्या' लिहिलं तर काही कीबोर्ड तो अर्धा र एका पद्धतीने साठवतात, काही दुसऱ्या, नेहमीचा र घेऊन त्याला न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना अगदी सेम, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची ठरलेली पद्धत) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळं साठवलं असेल तर एकसारखं करणं, ते पण त्यांना एक करत नाही. त्यामुळे मावशीच्या गटात अर्ध्या बकऱ्या सर्चमध्ये येतच नाहीत.

काल परत फोन आला होता. "सापडल्या का रे बकऱ्या?" म्हटलं शोधून राह्यलो.