आईची खिडकी

"खिडकीतून काही दिसेल असं बघ गं. दुपारी मी खोलीतच असणार ना."

मेथी निवडता निवडता आई एवढंच म्हणाली. मान वरही केली नाही.

आम्ही तासभर लॅपटॉपपुढे बसलो होतो. मे महिन्यात ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड, आणि हॉटेल कुठलं यावरून वाद. माझं मन कंटेम्पररीवर. 1971 मध्ये पार्कबरोबरच सुरू झालेलं, मोनोरेल थेट इमारतीच्या पोटातून जाते. लहानपणी पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी या छोट्या आगगाडीतून खाली न उतरणारी मुलगी मी, मला दुसरं काय आवडणार! लेकीला ॲनिमल किंगडम लॉज हवं होतं, कारण बाल्कनीसमोर जिराफ आणि झेब्रे चरतात. नवरा नुसते दर बघत होता.

आईचे गुडघे हल्ली कोथरूडातल्या आमच्या दोन जिन्यांनाच थकतात. खोलीत सगळ्यांत जास्त वेळ ती काढणार, आणि तिलाच कुणी विचारलं नव्हतं. दिवसभर मला हे टोचत राहिलं. घर घेतानाही आपण असंच करतो. शाळा, ऑफिस, पार्किंग सगळं बघतो. दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला काय दिसेल, हे कोण बघतं?

आता लॉजच घेतोय. तिथून पार्कात बसने जावं लागतं, चालेल. पण सगळ्याच खोल्यांतून प्राणी दिसत नाहीत, सवाना व्ह्यूची खोली वेगळी आणि महाग. तीच घेणार.

आईवडिलांना घेऊन तिथे कुणी राहिलंय का? दुपारी जिराफ बाल्कनीजवळ येतात का हो?