पळून नाही, चढून लग्न

गावात लग्न म्हणजे मांडव, डीजे, हजार पानं अन् वर्षभराचा कापूस त्यातच स्वाहा, म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं का आपण लग्न लावायला उत्तराखंडात तुंगनाथच्या महादेवाला जायचं, चोपत्यापासून साडेतीन-चार किलोमीटर चढ, मंदिर 3,680 मीटरवर, अन् आम्ही चढलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे चिखलदरा, तेही एसटीनं बाप्पा!

कायद्याचं आधी इथंच उरकतो. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात 30 दिवसांची नोटीस अन् 3 साक्षीदार लागतात, पण नोटीस कचेरीत चिकटवतात म्हणजे गुपित कसलं राहते, काका तर रोजच तिकडं असतो.

मे मध्येच जमते, जूनमध्ये पेरणी. आईला सांगून टाकलं, ती म्हणे हळद तरी लावून जा. सध्या रोज पहाटे पाठीवर सोयाबीनचं अर्धं कट्टं घेऊन धुऱ्यानं चालतोय.